शेरडांमागची तीन वर्षं आणि माझी चाळशी

विट्याच्या पूर्वेकडं आमचं गाव. तिकडं बाभळी फार, त्यामुळं पायात काटा मोडणं रोजचंच. संध्याकाळी पाय धुताना कुणी ना कुणी कळवळायचं आणि मग लंगडत आमच्या घरी यायचं, कारण काटा काढावा तर आमच्या वडलांनी. वडलांना सही येत नव्हती, पण त्यांच्याकडं चाळशी होती. औंधच्या जत्रेत एकेक डोळ्याला लावून बघत निवडलेली. पुढं तिची एक काडी मोडली आणि तिथं काळा दोरा आला. अक्षर वाचायला त्यांनी ती आयुष्यात लावली नाही. वडलांनी चाळशी लावली म्हणजे कुणाच्या तरी पायात काटा मोडलाय, एवढं आम्हा पोरांना कळायचं.

ते पाय मांडीवर घ्यायचे, सुईचं टोक दिव्यावर धरायचे आणि ज्याचा पाय त्याला काहीतरी विचारायचे. शेरडी व्याली का, हिरीला पाणी किती हाय. माणूस सांगायच्या नादात असायचा आणि तेवढ्यात काटा वडलांच्या नखावर आलेला असायचा. सगळ्यात जास्त वेळा ते माझ्याच पायावर वाकले असतील, कारण मी अनवाणी शेरडांमागं फिरायचो. त्या काचांतून त्यांचे डोळे मोठे दिसायचे, गाईसारखे. दुखायचं राहिलं बाजूला, मी त्या डोळ्यांकडंच बघत बसायचो.

सातवीत शाळा सोडून मी मामाबरोबर केरळात गेलो, गलाईच्या कामाला. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं, हे आमचं काम. आमच्या भागात घरटी एखादा माणूस ह्या कामासाठी कुठंतरी लांब असतोच. आता त्रिशूरला माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्याला ह्या धंद्यानं भाकरी दिली, हे मी विसरत नाही. पण इथं सगळी मदार डोळ्यावर. कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासलं की रेघ उमटते. ती किती पिवळी, किती तांबूस, ह्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो नाहीतर उडतो.

गेल्या वर्षी त्या रेघेच्या कडा फुटायला लागल्या. मी दगड धुतला. बल्ब बदलला, मग त्याहून मोठा लावला. तरी रेघ नीट दिसायची ती हात लांब केल्यावरच. मोबाईलची अक्षरं मी गुपचूप मोठी करून घेतली, पण दगडाला मोठं कसं करणार?

आमच्या गल्लीत एक म्हातारा सोनार आहे, पहिल्यापासून माझ्याकडं येणारा. एके दिवशी मी दगड पार गुडघ्यापर्यंत लांब धरलेला त्यानं बघितला आणि हसून एकच शब्द बोलला, 'वेळ्ळेळुत्त'. मला मल्याळम येतं ते धंद्यापुरतं. त्या शब्दातलं 'वेळ्ळ' तेवढं मला कळलं. वेळ्ळ म्हणजे पांढरं. चांदीलाही ते वेळ्ळीच म्हणतात. आमच्याकडं शेरडाच्या डोळ्यात पांढरं आलं की फूल पडलं म्हणतात. तसलं शेरडू कुंपणाला धडकत फिरतं आणि लवकरच खाटकाकडं जातं. म्हातारा मला हसत हसत तेच सांगतोय, असं मी धरून चाललो. शब्दाचा अर्थ त्यालाच विचारावा, एवढं काही सुचलं नाही. आम्हा बाप्या माणसांची खोडच आहे ती, भ्यालेलं कुणाला कळू द्यायचं नाही.

ही चाळशी असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही. चाळशी लागते चाळिशीला, शब्दातच आहे ते. आणि दाखल्यावर माझं वय अडतीस. म्हणजे हा तेजाबाच्या धुराचाच प्रताप, इतक्या वर्षांचा धूर आता डोळ्यात उतरला, अशी माझी खात्री झाली. रोज सकाळी आरशात बुबुळ बघायचो. जवळ गेलं की डोळाच धूसर, लांब गेलं की त्यात पांढरं आहे का नाही ते कळेना. दुकान बंद करून गावी काय करायचं, ह्याचे हिशेब मनात सुरू झाले. शेरडं राखायला तरी डोळे लागतातच की.

तीन महिने असे गेले आणि गावच्या यात्रेला मी घरी आलो. वडील जाऊन चार वर्षं झाली आहेत, घरी आई एकटी. ती टाच टेकवत नव्हती. दोन दिवसांपूर्वी काटा मोडला होता, रुईचा चीक लावून बसली होती. मला बघून तिनं सुईच हातात दिली. मी पाय मांडीवर घेतला आणि थांबलो. टाचेच्या भेगा सगळ्या एक झालेल्या, काटा कुठला नि भेग कुठली समजेना. अंदाजानं टोचलं.

"आरं, हितं न्हाई. मांस टोचतुयास."

परत टोचलं, परत चुकलं. मग आई माझ्याकडं बघत राहिली.

"चाळशी लागली तुला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अजून अडतीसचाच हाय मी."

"कुणी सांगितलं?"

"दाखल्यावर हाय."

आई हसायला लागली, एवढी की पाय माझ्या मांडीवरून सुटला. मग तिनं सांगितलं. मला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा जन्माची नोंद कुठंच नव्हती. मास्तरांनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला लावला. सहा वर्षांच्या पोराचा हात कानाला पोचतो, असा तेव्हाचा हिशोब. माझा पोचला, मास्तरांनी सहा लिहिलं आणि तारीख टाकली एक जून. हात कानाच्या किती खाली उतरलाय, ते त्यांनी बघितलं नाही.

"नऊ वर्सांचा हुतास तवा," आई म्हणाली. "तीन वर्सं शेरडांमागं गेली, ती कोन धरनार?"

मी एक्केचाळीसचा होतो. हे मला टाच मांडीवर घेऊन बसलेला असताना कळलं. ती तीन वर्षं मला चांगली आठवत होती, शेरडांच्या नावांसकट. पण ती माझ्या वयात धरायची असतात, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आई लंगडत उठली आणि पेटीतून वडलांची चाळशी घेऊन आली, दोऱ्यासकट. मी लावली. भिंग माझ्यासाठी जास्तच होतं, आजूबाजूचं घर पाण्यात असल्यासारखं झालं. पण मी खाली वाकलो आणि टाच समोर आली, एकेक भेग वेगळी. त्यातल्या एकीत काळा ठिपका. काचेनं दिसतंय म्हणजे डोळा शाबूत आहे, हे तेव्हाच मनात आलं, पण आधी काटा. सुई टेकवत मी आईला विचारलं, औंदा हिरीला पाणी किती हाय. ती सांगत होती, तोवर काटा नखावर आला.

चाळशी मी घडी करून खिशात ठेवायला गेलो. आईनं हात पुढं केला. "तुझी तू घे. ही त्येंची हाय."

दुसऱ्या दिवशी विट्यात डोळे तपासले. तपासणाऱ्या बाईंनी वय विचारलं. मी सवयीनं अडतीस म्हणालो, मग एक्केचाळीस. त्या म्हणाल्या, नक्की कुठलं? मी म्हटलं, एक मास्तरांचं, एक आईचं. त्यांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं. पांढरं काही नाही, म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग वयानं ताठर होतं, सगळ्यांचंच होतं. तेजाबापाशी मात्र चहूबाजूंनी बंद चष्मा घालायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं. रस्त्यावरचा तयार चष्मा घेऊ का विचारलं, तर माझ्या दोन डोळ्यांचे नंबर सारखे नव्हते.

मग काम किती लांबून करता, असं त्यांनी विचारलं. मी हातानं दाखवलं. कसोटी इथं, भट्टी तिथं आणि गिऱ्हाईक दारात. त्यांनी आधी बिनरेघेची काच दाखवली, तिच्यातून लांबचं, मधलं, जवळचं सगळं दिसतं. पण बाजूला बघितलं की टेबल वाकायचं. काही दिवसांत सवय होते, असं त्या म्हणाल्या, पण डुलणाऱ्या टेबलावर दुसऱ्याचं सोनं ठेवायची माझी हिंमत होईना. मी दोन भागांची घेतली, वर साधी, खाली जवळची.

त्रिशूरला आल्यावर म्हाताऱ्या सोनारानं चष्मा बघितला आणि परत तोच शब्द म्हणाला. ह्या वेळी मी अर्थ विचारला. त्यानं पेपर उचलून एका ओळीवर बोट ठेवलं. एळुत्त म्हणजे अक्षर. वय झालं की अक्षरं पांढरी पडतात, डोळा नाही. मला माझंच हसू आलं, आणि त्याच्याबद्दल माया वाटली. तीन महिने मी त्याच्या तोंडून ऐकलेल्या एका शब्दानं भ्यालेलो, आणि त्याला पत्ताच नव्हता.

तुमच्याकडं काय म्हणतात, त्यानं विचारलं. मी चाळशी म्हटलं आणि चाळीस बोटांवर दाखवलं. मग त्यानं माझं वय विचारलं. कागदावर अडतीस, खरं एक्केचाळीस, हे कसंबसं सांगितलं, पण मधली तीन वर्षं कुठं गेली ते सांगायला माझं मल्याळम पुरेना. शेरडाला आडु म्हणतात, एवढं येत होतं. तीन वर्षं आडु, मी म्हटलं. तो मान हलवत राहिला. त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

त्यानं आणलेलं कानातलं मी दगडावर घासलं आणि खालच्या भिंगातून बघितलं. रेघेला दोन्ही कडा होत्या.