सरांनी केलेलं भाषांतर

"बाई म्हणत्यात, तुळजापुरात बेडूक मिळत न्हाईत, लई हाल होतेत."

प्रिन्सिपल सर माईकवर असं म्हणाले आणि अख्खं मैदान हसलं. त्यांच्या शेजारी माझी आई उभी होती. शाळेचं गॅदरिंग. 'विविधतेत एकता' हा कार्यक्रम. मी नववीत होते.

आई जळकोटची सून. माहेर उत्तराखंडात, तिबेटच्या सीमेलगत. वडील लष्करात, तिकडं पोस्टिंगला असताना लग्न झालं. तिची माणसं स्वतःला रोंगपा म्हणवतात, मेंढ्या पाळतात. त्यांची बोली तिबेटीच्या नात्यातली. बोलणारे थोडे. इकडं तर कुणाला तिचं नावही माहीत नाही. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात क्लार्कनं न विचारताच हिंदी लिहिलं होतं. वर्गात मी चिंकी.

सरांनीच फोन करून आईला बोलावलं होतं. तुमच्या भाषेत दोन वाक्यं बोला, मुलांना नवीन काही कळेल, म्हणाले. आई दोन दिवस खुशीत होती. मेंढ्या वरच्या कुरणाकडं निघताना तिच्या घरची थोरली बाई जे म्हणते, तेच तिनं स्टेजवर म्हटलं. वाट मोकळी मिळो. पाणी गोड लागो. गेले तेवढे परत येवोत. यावर ऐकणाऱ्यानं लगेच "येवोत" म्हणायचं असतं, त्याच भाषेत. कुणीच म्हटलं नाही तर तो अपशकुन.

त्या मैदानात हे उत्तर येणारी मी एकटी होते. सरांनी बेडूक सांगितले आणि मी हसले. मैत्रिणी हसत होत्या म्हणून.

"अजून येऊ द्या, चायनाताई," सर म्हणाले.

आईला मराठी पुरतं कळत होतं. तिनं नमस्कार केला आणि ती खाली उतरली. तुळजापूरहून एसटीनं आम्ही घरी आलो. रोज सकाळी ती मला तिच्या भाषेत उठवायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ऊठ, उशीर होतोय." तेव्हापासून आमच्या घरात ती भाषा नाही. आठ वर्षं झाली. मामांचा फोन आला की आई अंगणात जाते.

मी कमी बोलते. लोक त्याला वळण समजतात.

पुण्यात एम.ए.ला भाषाशास्त्र घेतलं, तेव्हा कळलं की माझ्याकडं जेमतेम दोनशे शब्द उरलेत. जेव. दार लाव. पाणी दे. आईला विचारलं तर म्हणाली, "कशाला आता?" मग मामांना फोन लावला. म्हटलं, आधी शिव्या शिकवा. ते हसले. मी त्यांना सरांचं भाषांतर सांगितलं. मग त्यांनी एकेक शिवी नीट शिकवली, दोनदोनदा म्हणून घेतली. भाषा मी अशी परत सुरू केली.

यंदा शाळेनं माजी विद्यार्थिनी म्हणून बोलावलं. सर आता संस्थेचे सचिव. आईच्या भाषेत थोडं बोल, गंमत येते, असं त्यांनीच सुचवलं. मी हो म्हटलं.

तीन मिनिटं बोलले. आवाज चढवला नाही. त्यात सरांचं नाव तीनदा आलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं. सर हसतच होते.

"आता मराठीत सांग की, बेटा."

"तुम्हीच सांगा, सर. तुम्हाला येते ही भाषा."

माईक त्यांच्या हातात दिला. पालक वाट बघत होते. सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, लेकीनं आशीर्वाद दिला आपल्या शाळेला.

मी माईककडं वाकून म्हटलं, "नाही."

नंतर मराठीत सगळं सांगितलं. बेडूक, चायनाताई, आईची आठ वर्षं. माझं हसणंही सांगितलं, ते लपवलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. खाली उतरले तेव्हा बरं वाटत होतं. खूप बरं.

रात्री सरांचा मेसेज आला: जुन्या गोष्टी उकरू नयेत, आपण मोठ्या मनाची माणसं.

माझं मन मोठं नाही. आईला स्टेजवरचं सगळं सांगितलं तर तिनं ऐकून घेतलं आणि मराठीतच विचारलं, जेवलीस का. सरांनी तिच्या तोंडून जे काढून घेतलं ते माफीनं परत येणार नाही. म्हणून माफी मागितली तरी मी ती देणार नाही. या उन्हाळ्यात मामांकडं चाललेय. पूर्ण भाषा घेऊन येईन. पुढच्या वेळी तीन मिनिटांत थांबणार नाही.