बॉयलरला मारलेलं बूच

माझे बाबा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाणीपुरवठ्याला व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, ते त्यांच्या हातातल्या लोखंडी चावीवर ठरायचं. गळणारा नळ दिसला की परक्याच्या घरातही ते उठून आधी तो बंद करायचे. रिटायर झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्याकडे इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आले ते नेमके जानेवारीत. आमच्या सेकंडहँड मोटरहोममधून, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, त्यांना डर्बीशरचे डोंगर दाखवायचे, असं मी ठरवलं. बायकोला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच जाणार होतो.

निघायच्या चार दिवस आधी मी हौसेनं गाडीची टाकी भरली, बॉयलर भरला आणि गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवेवर तशीच उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी थंडी एकदम वाढली. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये होतो. बाबा बाहेरून आत आले, हात लालबुंद झालेले.

"गाडीखाली पाणी गळत होतं रे. बंद केलं मी."

"बरं केलंत, बाबा," मी म्हणालो. स्क्रीनवरून नजरसुद्धा काढली नाही. ते चहा टाकायला गेले.

त्यानंतरचे दोन्ही दिवस सगळं गोठलेलं होतं. विंडस्क्रीनवरचा बर्फ खरवडल्याशिवाय ऑफिसला निघता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी आम्ही डर्बीशरमधल्या, अशा गाड्या मुक्कामाला उभ्या करू देणाऱ्या एका फार्मवर पोचलो. तिथे आमच्याशिवाय एकच व्हॅन होती. वाटभर हीटर चालू असल्यामुळे आतून गाडी चांगली उबदार झाली होती. बाबा बाकावर बूट काढून बसले होते. चहासाठी पाणी घ्यायला मी पंपाचं बटण दाबलं. एरवी पंप दोन-चार सेकंद घरघरतो आणि थांबतो. त्या दिवशी तो थांबेचना. मी नळाकडे बघतोय, आणि बाबांच्या बाकाखालून भसकन पाणी आलं. त्यांचे मोजे, बॅग, खालचं कार्पेट, सगळं भिजलं. मी नुसता बघत राहिलो. काय करायचं ते सुचेचना.

"मेन बंद कर! मेन!" बाबा ओरडले, तेव्हा कुठे माझं बोट बटणावर गेलं.

आवाज ऐकून शेजारच्या व्हॅनमधली बाई आली. सत्तरीची, मँचेस्टरला ट्राम चालवून रिटायर झालेली, हिवाळाभर कुत्र्याला घेऊन एकटीच फिरणारी. काही न विचारता ती टॉर्च घेऊन आमच्या गाडीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाकडाचं एक बूच होतं. नीट तासलेलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली.

"हे कुणी मारलं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

ते कुणाच्या हातचं काम आहे, ते मला लगेच कळलं. मी बाबांकडे वळलो आणि त्या बाईसमोरच ओरडलो, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? इथलं काही माहीत नसताना कशाला मध्ये पडता?"

लहानपणापासून मी त्यांच्याशी कधी अशा आवाजात बोललो नव्हतो. बाबा ओल्या मोज्यांवर उभे होते. बाईकडे बघत ते एवढंच म्हणाले, "मी." त्यांना 'हू' कळलं होतं.

बाई मात्र माझ्याकडे बघत होती. शांतपणे तिनं समजावलं, की पाणी गोठायला आलं की, बूच मारलं होतं तो बॉयलरचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि बॉयलर रिकामा होतो. ती गळती नव्हतीच. आणि थंडीत पाणी भरलेली गाडी, हीटर बंद ठेवून, उभी करतंच कोण?

कोण म्हणजे मी. गाडी घेतली तेव्हाच मला त्या व्हॉल्व्हबद्दल सांगितलं होतं, पण मी नीट ऐकलं नव्हतं. आणि बाबांनी येऊन सांगितलं होतं, त्यावर मी "बरं केलंत" म्हणालो होतो.

"बाबा, तुम्ही मला सांगितलं होतं."

"कामात होतास," ते म्हणाले.

बाईच्या मदतीनं आम्ही बाकाखालची फळी काढली. बॉयलरच्या धातूच्या भांड्याला वीतभर चीर गेली होती. बाबांनी त्या चिरेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा धक्का मला अजून दिसतो. लाइनमध्ये प्रेशर वाढून फुटलेले पाइप त्यांनी आयुष्यभर जोडले होते.

"पण हे तर उभं पाणी," ते पुटपुटले. "प्रेशर नाही, काही नाही. नुसत्या उभ्या पाण्यानं लोखंड फाडलं?"

मी त्यांना सांगितलं, बर्फ झाला की पाणी फुगतं. शाळेत शिकलेली गोष्ट, पण तिनं काय होतं ते मीही पहिल्यांदाच बघत होतो.

परत फिरू या, असं मी म्हटलं. बाबा नाही म्हणाले. बाईनं दोन कॅन भरून दिले आणि ते गाडीच्या आत, पलंगाजवळ ठेवायला सांगितले, म्हणजे गोठणार नाहीत. उरलेलं सगळं पाणी तिनं आम्हालाच गाडीतून काढायला लावलं. आधी टाकी रिकामी करायची, मग सगळे नळ उघडायचे, तेही दांडा गरम आणि गार यांच्या मधोमध ठेवून, नाहीतर एका पाइपात पाणी राहतं. शॉवर खाली सोडायचा. पंप जरासा फिरवून आतलं उरलंसुरलं पाणी काढायचं. सांडपाण्याच्या टाकीचा नळही उघडा ठेवायचा. मी भाषांतर करत होतो, पण बऱ्याचदा माझ्याआधीच बाबांचा हात त्या नळावर पोचलेला असायचा.

सकाळी जाग आली तर बाबा अंथरुणात नव्हते. दार उघडलं, सगळं गवत पांढरं झालेलं. आदल्या दिवशीच्या माझ्या ओरडण्यानं ते कुठे निघून गेले की काय, अशी भीती एकदम वाटली आणि मी तसाच अनवाणी खाली उतरलो. बाईच्या व्हॅनखालून दोन माणसांचे पाय बाहेर आले होते, एक जोडी गमबुटांची आणि एक माझ्या जुन्या स्पोर्ट्स शूजची. खालून बाबांचा आवाज येत होता. ते मराठीत तिला विचारत होते, "आणि हा व्हॉल्व्ह कशाचा?" आणि ती इंग्रजीत उत्तर देत होती.