बाईंचे गुडघे आणि राखणदाराचा वाटा

बाई अजूनही म्हणतात की मी चुकतो, आणि मला ते अजूनही पटलेलं नाही. मस्कतला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाने घरची काळजी फोनवर नाही करायची, तर कुठे करायची? रोज पाळी सुटली की मी दिगूदादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन लावतो. 'जेवलंस काय?' असं विचारतो आणि उत्तरापेक्षा त्याची जीभ जड झाली आहे का ते ऐकतो. दादाला ते कळतं. बाईंनाही कळलं. "तू भावाशी बोलतंस काय तेचो वास घेतंस?" असं त्यांनी मला सरळ विचारलं. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. आता पिंटोबाईंची पंचाहत्तरी आली, गौरवग्रंथ निघतो आहे, आणि समितीने माझ्यासारख्या आठवीतून सुटलेल्या माणसाकडेही लेख मागितला. वाद बाजूला ठेवून लिहायचं असं ठरवलं होतं. तो बाजूला राहत नाही, त्याला इलाज नाही.

बाईंची ओळख शाळेतली. त्या भूगोल शिकवायच्या आणि त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. मी शाळा अर्धी टाकून होडीवर जायला लागलो, तेव्हा मला परत न्यायला त्या किनाऱ्यावर आल्या. मी गेलो नाही. जाताना चपलेतली वाळू झटकत म्हणाल्या, "शाळा सुटली तुझी. मी नाही सुटले." तेव्हा मला हसू आलं होतं.

निवृत्तीनंतर बाईंनी जे काम हाती घेतलं त्याला कागदावर मोठं नाव आहे, मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती जनजागृती. पहिला कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. फलक, माईक, पाहुणे, सगळं होतं. ज्यांच्यासाठी होतं त्यातलं कोणी आलं नाही. बायका आल्या, आणि घरी गेल्यावर त्यांनाच विचारलं गेलं की थंय आमची नावां वाचल्यानी काय. बाईंनी फलक गुंडाळून माळ्यावर टाकला. पुढच्या पावसाळ्यात मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढल्या गेल्या आणि पुरुषमंडळी मांगरात, होड्या-जाळी ठेवायच्या छपराखाली, जाळी सांधत बसली. हातांना काम कमी आणि बाटली जास्त, असे ते दिवस. बाई छत्री मिटून त्यांच्यातच जाऊन बसल्या. तेव्हापासून दर गुरुवारी बसतात.

बाई कोणालाही 'पितोस का' असं विचारत नाहीत. "झोप येता काय रे?" एवढंच विचारतात. दारूबद्दल आमच्याकडे सगळे खोटं बोलतात, झोपेबद्दल कोणी बोलत नाही.

"झोप येणा नाय म्हणान तर पितंय, बाई," एकाने सांगितलं.

"आणि पियाल्यार येता?"

तो जाळ्यातली गाठ चाचपत राहिला. "पडतंय. झोप नाय ती."

टोमणेही खूप मिळाले. "तुमच्या चर्चात वाइन चलता, मगे माझ्या पेल्याक कित्याक नावां ठेवतास?" यावर बाई म्हणाल्या, "आमचो पाद्री एक घोट घेता नि सगळ्यांदेखत कप पुसून ठेवता. तू तसो पुसून ठेव, मी काय एक बोलूचंय नाय." मांगर हसला. विचारणारा पुढच्या गुरुवारीही आला.

आमची होडी विकावी लागली तेव्हापासून दादा गप्प झाला होता. जेवण समोर तसंच ठेवून घरापुढच्या खळ्यात बसायचा. मग प्यायला लागला. आम्ही त्याला आळशी म्हणायचो, बाई आजारी म्हणाल्या. हा फरक आमच्या घरात पहिल्यांदा त्यांनीच केला. जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर आहेत, चल, असं त्यांनी सांगितलं. दादा म्हणाला, "लोक येडो म्हणतले."

"मगे माझे गुडघे दाखवूक चल."

आणि बाई खरंच गेल्या, दर महिन्याला, एस.टी.ने. कसालला गाडी बदलताना कोणी ओळखीचं भेटलं की म्हणायच्या, "गुडघे, दुसरां काय. दिगू माझी पिशवी धरूक येता." वाडीत चर्चा झाली की एवढ्या फेऱ्या मारूनही बाईंचे गुडघे बरे होत नाहीत म्हणजे डॉक्टरच भिकार. कोणी तेल आणून दिलं, कोणी पाला. बाईंनी सगळं घेतलं. शेवटी एका गुरुवारी मांगरात दादाच बोलला, "बाईंचे गुडघे बरे आसत. डॉक्टराकडे मी जातंय." मग कोपऱ्यातून एकाने हळूच विचारलं, "खंयच्या वाराक आसता तो?"

दादाची बाटली सुटली. आम्ही सुटकेचा श्वास घेतला, आणि तिथेच फसलो.

आमच्या वाडीची राखण करणाऱ्या देवाला आम्ही राखणदार म्हणतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, नारळ, विडी आणि दारूची बाटली देतात. थोडी जमिनीवर ओततात, उरलेली प्रसाद म्हणून वाटतात. सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या, म्हणजे मागणं मागणाऱ्या, भिवाआजोबांनी मायेने दादाच्याही हातावर झाकणभर ठेवली. देवाच्या प्रसादाला नको कसं म्हणणार? दादाने घेतली. त्यानंतर गणपतीपर्यंत तो शुद्धीवर नव्हता.

मी इथून भिवाआजोबांना फोनवर नको ते बोललो. बाई त्यांच्या घरी गेल्या आणि शांतपणे बसल्या. हे मला वहिनीने सांगितलं.

"आजोबा, राखणदार दिगूक बरो बघूक मागता काय आजारी?"

"बरोच. राखणदार तो."

"मगे दिगूचो वाटो तेनाच घेतलो तर?"

आजोबांनी पान चघळत बराच विचार केला. "बाई, तुम्ही किरिस्ताव. ह्या तुमका कोणी शिकवल्यान?"

"तुमच्या नातवांनी. गृहपाठ नाय केलो काय वर्गात गाऱ्हाणां घालीत."

पुढच्या वर्षी आजोबांनी गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या बाटलेत लेकरांचो जो वाटो आसा तो आजपासून तूच घे. आणि लेकरांक जो कोण आग्रह करीत, तेका तूच समज दी." आग्रह करणारे सगळे तिथेच उभे होते. त्यांनाही 'व्हय म्हाराजा' म्हणावंच लागलं. बाटली पूर्ण जमिनीत गेली. प्रसाद म्हणून खोबरं वाटलं.

हे सगळं छान झालं असं लिहून मला थांबता आलं असतं. पण या वर्षी राखणदाराचं सामान आणायची पाळी आमच्या घरावर आहे. म्हणजे बाटली आमच्या घरातून जाणार. मी म्हटलं, वहिनी आणेल, शेजारी आणतील. दादा म्हणाला, "मी हाडतलंय. शांताराम येतलो माझ्यावांगडा." शांताराम हा त्याचा गुरुवारचा सोबती, तोही सोडलेलाच. मी घाबरून बाईंना फोन लावला. तो पिणार नाही असं तुम्ही सांगा, म्हटलं.

"पियत, नाय पियत, ता मी सांगूक शकणा नाय," बाई म्हणाल्या. "पडलो तर पुन्हा उभो करू. पण तू तेका रोज पडल्यासारखोच धरतंस." मग म्हणाल्या, "तुका झोप येता काय रे?"

मी नेटवर्क गेलं असं सांगून फोन ठेवला. झोप येत नाही, बाई. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको. इथल्या डॉक्टरकडे जाईन. माझी पिशवी धरायला कोणी नाही, पण जाईन.

गौरवग्रंथात आयुष्य मागायची रीत आहे. बाईंचे गुडघे आता खरोखर दुखतात, आणि राखणदाराची जागा चढणीवर आहे. दादा बाटली घेऊन वर जाईल तेव्हा त्या पायथ्याच्या दगडावर बसून राहणार आहेत. शंभरीपर्यंत त्यांना त्या दगडापर्यंत चालत येता येवो, आणि त्यांची जीभ आहे तशीच राहो, मला कितीही लागली तरी.

इतकी वर्षं मी पैसे वहिनीच्या खात्यावर पाठवत आलो, दादाच्या हातात नकोत म्हणून. बाई यावरूनही माझ्याशी भांडल्या आहेत. या वेळी दादाच्या खात्यावर टाकतो आहे, आणि पोचले का ते विचारायला फोन करणार नाही. कोंबडा, नारळ, विड्या आणि बाटली, सगळं धरून तीन हजार रुपये.