करुप्पनची तीन मिनिटं

कोडंबाक्कममध्ये, तमिळ सिनेमाच्या त्या स्टुडिओवस्तीत, टायटलं लिहिणाऱ्याला कोणी कलाकार म्हणत नाही, पेंटर म्हणतात. मुत्तुकरुप्पनचं अर्धं आयुष्य काळ्या पाट्यांवर पांढऱ्या रंगाने दुसऱ्यांची नावं काढण्यात गेलं. हीरोचं, हीरोच्या मेकअपवाल्याचं, मेकअपवाल्याच्या मेहुण्याचंसुद्धा. सिनेमा पहिल्या नावापासूनच सुरू झाला पाहिजे, हे त्याचं जुनं वेड. शेवटी एका नव्या दिग्दर्शकाने त्याला सुरुवातीची तीन मिनिटं देऊन टाकली. करुप्पन कॅमेरावाल्याला घेऊन गावी गेला आणि तिथली एक सकाळ टिपून आला. समुद्रातून सूर्य वर यायचा, उजेड सरकेल तसं एकेक नाव उजळायचं.

निर्माते रत्नसभापतींनी ते बघून कपाळावर हात मारला.

"अरे करुप्पा, सूर्य? ही एका पार्टीची निवडणुकीची निशाणी! आपला हीरो उद्या कुठल्या पार्टीत उडी मारेल ते त्यालाही ठाऊक नाही. काढ."

सूर्य गेला. मग केळीच्या पानांवरची न्याहारी आली.

"दोन पानं? ती दुसऱ्या पार्टीची!"

"अय्या, नवराबायको जेवतायत."

"बायकोला मागाहून जेवू दे."

आजीचा आशीर्वादाचा हात गेला, भातकापणीचा विळा गेला. कोंबडा, कबुतरं, तळ्यातलं कमळ, सगळ्यांवर कुणी ना कुणी आधीच हक्क सांगून बसलं होतं. करुप्पनचं डोकं भणभणलं.

"अय्या, आपल्यासाठी काही शिल्लक ठेवलंय का या लोकांनी?"

"आहे की! काळी पाटी. आणि अक्षर तर तुझं छानच आहे."

दिग्दर्शक खाली बघत राहिला. ब्रश त्या दोघांच्या अंगावर फेकावा असं करुप्पनला वाटलं. फेकला नाही. दुसऱ्या दिवशी तोच ब्रश बुडवून तो पाट्या लिहायला बसला.

बायकोला मात्र हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. पूंकोडी महिनाभर आळीत मिरवत होती, यंदा सुरुवात आमच्या ह्यांची आहे म्हणून. पहिल्या दिवशी गजरा माळून ती थेटरात पुढे सरकून बसली. पाट्या आल्या. हीरोच्या नावाला शिट्ट्या पडल्या, कागदाचे कपटे उडाले. करुप्पन स्वतःच्या चपलांकडे बघत होता. पाट्या संपल्या, पडद्यावर फाटक मोडून हीरो आत आला.

पूंकोडीने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "अहो, तुमचं कधी सुरू होणार?"

"झालं."

"कुठे? हे तर नेहमीचंच होतं."