बाबांचा डोळा आणि माझी काच

श्रीवर्धनला घरी पोचले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच कळलं की बाबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा चुकवली. माझं डोकंच फिरलं. पहिल्या वेळी आईने "पावसात नको म्हणाले" म्हणून सांभाळून घेतलं होतं. या खेपेला तिनेही हात टेकले. "तूच बघ गं बाय, माझं ऐकत न्हायत," म्हणाली. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. ती झाली की होड्या पाण्यात जाणार, आणि ताटातला माशाचा काटा न दिसणारा हा माणूस अंधारात सुकाणू धरणार.

त्यात माझा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता. नवी मुंबईच्या आमच्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी माझ्या काचेची चाचणी होती, ती मैत्रिणीवर सोपवून आले होते. काच म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी पातळ चकती, तिला केसाहून बारीक अशी लाखो तिरकी भोकं. एका बाजूने एक इलेक्ट्रॉन शिरला की तो भोकाच्या भिंतीवर आपटत आणखी इलेक्ट्रॉन उडवत जातो, आणि दुसऱ्या बाजूने हजारो बाहेर पडतात. अंधारात बघायच्या दुर्बिणीत अशीच चकती असते. वापरून वापरून ती थकते. मी त्या भोकांच्या आतून लेप चढवते, अणूच्या जाडीचे थर, एकावर एक. लेप बसला तर थकलेली काच पुन्हा कामाला लागते, नाही बसला तर सगळी मेहनत पाण्यात. शिवाय तिला दमट हवा सोसत नाही, आणि मी जन्मले अशा गावात जिथे डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं.

चहा न घेताच मी किनाऱ्यावर गेले. ताडपत्रीखाली होडी ओढलेली होती आणि बाबा तिला रंग देत होते. मधला एक पट्टा तसाच राहिला होता. त्यांना तो दिसलाच नव्हता.

"का नाही गेलात?" मी विचारलं.

"कशाला जायचं? तुजी काच व्हतेय ना."

"माझ्या काचेचा काय संबंध?"

"तूच बोललीस फोनवर. काच जुनी झाली की लेपाचा पातळ हात मारायचा, परत दिसायला लागतं. डोळा काय, काचच हाय. म्हटलं थांबू जरा."

दरवर्षी होडीला रंगाचा हात मारून ती नवी करणारा माणूस. त्याला यात काही वावगं वाटलं नव्हतं. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी चिडले. "अहो बाबा, ती यंत्रातली काच आहे. डोळ्यात नाही बसत ती."

"आता नसंल बसत. तू बसवशील."

मी होडीभोवती येरझाऱ्या घालायला लागले. मोबाइल काढला, निरोप नव्हता. पुन्हा काढला, नव्हता. मागच्या अंगाला एका फळीवर सहज अंगठा दाबला तर ताज्या रंगाखाली लाकूड भुसभुशीत लागलं.

"ही कुजलीय," मी ओरडलेच. "हिला किती हात मारणार?"

बाबा आले. बोटांनी चाचपून म्हणाले, "हिला रंगाचा उपयोग न्हाय. बदलायलाच हवी."

"मग डॉक्टर दुसरं काय करतात? गढूळ झालेलं भिंग काढायचं, नवं घालायचं."

त्यांनी ब्रश पुसून ठेवला. "बरं," म्हणाले, "उद्या जाऊ." मग डब्याचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग तुज्या काचेतनं मला कवाच दिसनार न्हाय, व्हय?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने लिहिलं होतं, लेप बसला. किती दिवस जीव टांगणीला लावून वाट बघितली होती या दोन शब्दांची. ते बाबांना वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.