अनोळखी नंबर उचलायचा नाही

विमानतळाकडे निघायला दहा मिनिटं उरली होती आणि मी टेबलाखाली शिरून बाबांच्या नव्या कॉम्प्युटरच्या वायरी बांधत होते. खाली टॅक्सी येऊन थांबली होती. "राहू दे गं आता. मी काय रॉकेट सोडणार आहे त्यातून?" बाबा म्हणाले, आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला. मुलुंडचं घर सोडल्याची माझी आठवण ही अशी आहे. गळ्यातबिळ्यात पडलो असू, पण आठवते ती टेबलाखालची धूळ आणि तो राग.

रागाला कारण होतं. आई गेल्यापासून बाबा एकटे, आणि मी निघायच्या दोन महिने आधी पैसे उकळायला खोट्या पोलिसांनी अटकेची भीती घालून त्यांना व्हिडिओ कॉलवर दुपारभर बसवून ठेवलं होतं. मी अंधेरीच्या ऑफिसातून वेळेत घरी पोचले म्हणून निभावलं. त्यानंतर मी इरेलाच पेटले. त्यांचा स्मार्टफोन काढून घेतला, बटणांचा साधा फोन दिला. कॉम्प्युटर मात्र हवाच होता, नाहीतर आम्ही एकमेकांना दिसणार कुठे? एकेक पार्ट निवडून मी तो जोडून घेतला. फार न तापणारा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, झाकण सरकवून बंद करता येणारा कॅमेरा. वर लिनक्स टाकलं. मेल अशा ठिकाणचा घेतला, जे वर्गणी घेतात आणि पत्रांत डोकावत नाहीत. फुकटवाल्या मोठ्या कंपन्यांचं एकही खातं घरात ठेवलं नाही. सगळी डिस्क कुलूपबंद केली. मशीन सुरू करतानाच लांबलचक पासवर्ड मागणार, आणि तो विसरला तर मलासुद्धा काही करता येणार नव्हतं. "कुणाला सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही. आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही," मी बजावलं. यूपीएस तेवढा घेतला नाही. मुलुंडला वीज जाते कधी? मुंबईत वाढलेल्या माणसाचा हा माज आहे.

इथे जर्मनीत माझ्या बोलण्यात 'टर्मिन' शिरलं. टर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ, तिच्याशिवाय केससुद्धा कापून मिळत नाहीत. तिकडे जिन्यात कुणीही "काय गं, आज उशीर झाला?" म्हणून अडवायचं, इथे मान हलवून पुढे जातात. सुरुवातीला मला ते झकास वाटलं. कुणाला माझं काही माहीत नाही, हेच तर मला बाबांसाठीही हवं होतं. दर रविवारी दुपारी ते पडद्यावर यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून.

एका रविवारी ते आले नाहीत. सोमवारीही नाहीत. त्याच आठवड्यात मी सिमकार्ड बदललं होतं आणि नवा नंबर त्यांना मेलवर कळवला होता. मोबाइल लावला तर वाजायचा आणि कापला जायचा. बाबाच कापताहेत, की त्यांच्यासमोर कुणी बसलंय? ही शंका एकदा डोक्यात शिरल्यावर मला खुर्चीत बसवेना, मी फोन घेऊन खाली रस्त्यावर आले. शेजाऱ्यांना विचारावं तर त्यांचे नंबर नव्हते. सोसायटीच्या ग्रुपमधून मी तत्त्वाने बाहेर पडले होते, नव्या फोनात जुने नंबर आणायचे नाहीत हेही माझंच तत्त्व. शेवटी ज्या कंपनीला मी घराबाहेर काढलं होतं तिचाच नकाशा उघडला. आमच्या इमारतीखालच्या पिठाच्या गिरणीचा फोटो त्यात होता, आणि पाटीवर फोन नंबर.

गिरणीतल्या शिंदेमामांना मागे चाललेल्या घरघरीत ऐकूच येईना. मी ओरडून बाबांचं नाव सांगितलं. "तिसऱ्या माळ्यावरचे ना? थांब, गिरणी बंद करतो नि जातो वर." पाच मिनिटांनी बाबांचा आवाज आला, धाप लागलेला. "अगं, तू होतीस ती? सहा वेळा कापला मी तुला. बाहेरचा नंबर दिसला की मला वाटायचं, आले परत."

"पण रविवारी कुठे होतात?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पासवर्डच्या भानगडीत पडायला नको म्हणून त्यांनी इतके महिने कॉम्प्युटर कधी बंदच केला नव्हता, नुसता पडदा बंद करायचे. शनिवारी मीटर बॉक्सच्या कामासाठी इमारतीची वीज तासभर बंद ठेवली, आणि परत आल्यावर मशीनने पासवर्ड मागितला. "तीन दिवस आठवतोय गं," बाबा म्हणाले. "तुला कळलं तर तू चिडशील." मी तिथे रस्त्यावरच रडले. चोरांपेक्षा त्यांना माझी भीती जास्त वाटत होती.

पुढे शिंदेमामांच्या फोनवरून पडदा बघत मी सांगत गेले आणि बाबांनी स्वतः डिस्क पुसून सगळं नव्याने टाकलं. आता निम्म्या इमारतीचे नंबर माझ्याकडे आहेत. तुमच्यापैकी जे मागे एकटी माणसं ठेवून निघालेत, त्यांनी आधी हे करावं. पासवर्ड नंतर.

सगळं सुरळीत झाल्यावर पहिल्याच रविवारी बाबांनी वही-पेन घेतलं. "आता तुझ्या शेजारच्यांचा नंबर दे," ते म्हणाले. "तू उचलला नाहीस तर तुझं दार कोण वाजवेल?"

आठ महिने झाले इथे येऊन. समोरच्या दारावर आडनाव आहे, ते मला अजून नीट वाचता येत नाही. कुणाच्या तरी एका फोनवर जिथे दार वाजवायला माणूस जाईल ते घर, असं मी हल्ली धरून चालते. तसं पाहिलं तर मी अजून मुलुंडलाच राहते. बाबांच्या वहीतली माझ्या शेजाऱ्यांची ओळ अजून कोरी आहे.