पीठ लागलेलं घड्याळ

माझ्या लग्नात शालूपेक्षा जावयाच्या घड्याळाचा घोर माझ्या वडिलांना, आबांना, जास्त होता. शिक्रापूरची रस्त्याकडेची जमीन नुकतीच विकलेली. दौंडच्या पाहुण्यांनी नाव ठेवायला जागा नको, म्हणून त्यांना घड्याळ भारीतलंच हवं होतं.

"इकणारा चांगलंच सांगणार. वापरणाऱ्याला इचारावं," म्हणत ते ट्रकांचा धंदा करणाऱ्या एका मामांकडे गेले. त्यांच्या मनगटावर तसलं ऑटोमॅटिक घड्याळ होतं. "ना सेल, ना किल्ली. कवाच बंद पडलं न्हाई," मामा म्हणाले. ते झोपतानाही घड्याळ काढत नसत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आबांना विचारायचं सुचलं नाही. तसलंच घेतलं.

लग्न झालं आणि सासूबाईंनी ते पेटीसकट कपाटात ठेवलं. इतकं भारी घड्याळ रोज कोण घालतं? नवरा साधं घड्याळ घालून कामावर जाई. नणंदेच्या साखरपुड्याला पेटी उघडली, तर काटे थांबलेले.

"पाव्हणं, बंद घड्याळ दिलं व्हय आमच्या लेकाला?" सासूबाई भरल्या मांडवात म्हणाल्या. आबांनी मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नव्या सुनेनं बोलायचं कसं?

आबा ते पुण्याला घेऊन गेले. दुकानदार हसला. बिघाड काहीच नव्हता. हातात असेल आणि हात हलेल, तरच ते चालतं. आबांनी परत येऊन तसं सांगितलं. "रोज घातल्यावर चरे पडतील की," सासूबाई म्हणाल्या आणि पेटी पुन्हा कपाटात गेली. नवरा नेहमीसारखा मूग गिळून बसला. पुढच्या कार्याला ते पुन्हा बंद निघणार, बोल पुन्हा माझ्या बापालाच. या धास्तीनं मला अन्न गोड लागेना.

मग रोज सकाळी सासूबाई देवळात गेल्या, की मी ते बांगड्यांच्या वर चढवायचे आणि भाकरी थापायचे. पावलं वाजली की घाईघाईनं पुसून पेटीत.

दिवाळीला आबा फराळाचं घेऊन आले. सासूबाईंनी मुद्दाम पेटी आणली. काटे फिरत होते. "बघा, आमच्या घरात ऱ्हाऊन सुधारलं," त्या म्हणाल्या.

आबांनी घड्याळ हातात घेतलं. पट्ट्याच्या कड्यांत पीठ वाळलं होतं. त्यांनी माझ्या पीठ लागलेल्या हाताकडे पाहिलं. धोतराच्या सोग्यानं ते पीठ सावकाश पुसलं, पेटी मिटली आणि विहिणीला एका शब्दानं न विचारता मला म्हणाले, "पिशवी भर, पोरी. घरला चल."